हयातीचा दाखला, कुकरची रिंग आणि आमचं घर

पोस्टाच्या बचत खात्याच्या काउंटरवर मी १९७८ साली बसले आणि २०१५ साली उठले. मधल्या काळात सांगली जिल्ह्यातली वेगवेगळी पोस्ट ऑफिसं झाली, काम मात्र तेच. पैसे घ्यायचे, पैसे द्यायचे, पासबुकात नोंद करायची, सही ताडून बघायची. आधी सगळं हातानं लिहायचं होतं, मग संगणक आले, माझ्या नोकरीच्या अखेरीला कोअर बँकिंग आलं. किसान विकास पत्रात साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होत होती तो काळही मी पाहिला आणि व्याजदर उतरत गेले तोही पाहिला. १९८७ साली मासिक प्राप्ती योजना आली, तेव्हा निवृत्त माणसांना किती हायसं वाटलं होतं ते मला आठवतं. दर महिन्याला ठरावीक रक्कम हातात येणं म्हणजे काय, हे पगार घेणाऱ्या माणसाला लवकर कळत नाही.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खिडकीसमोर वयस्कर मंडळींची रांग लागायची. कापडी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी निघायची, तिच्यातून रुमाल, रुमालातून पासबुक. कुणाच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली असायची. अंगठा उठवणाऱ्यांना ओळखीचा साक्षीदार लागायचा, म्हणून शेजारीण सोबत यायची. पैसे काढायचा एसबी-७ फॉर्म मी पुष्कळ जणांना भरून देत असे. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी, इथे सही, मागे सही. एका माणसाला चार-पाच मिनिटं लागायची. पैसे मोजून झाले की ते माणूस परत त्याच क्रमानं सगळं गुंडाळायचं आणि निघून जायचं.

ती चार-पाच मिनिटं म्हणजेच त्या माणसाचं काम, असं खिडकीच्या आत बसणाऱ्याला वाटतं. आता मी बाहेरच्या बाजूला उभी राहते तेव्हा त्या कामाची खरी लांबीरुंदी कळते. चष्मा सापडणं, पासबुक सापडणं, आधार कार्डाची झेरॉक्स, जिना उतरताना गुडघा, रिक्षा करायची की चालत जायचं याचा विचार, ऊन चढायच्या आत परत येणं, बाहेर स्वच्छतागृह कुठे आहे याची आधीच काढलेली माहिती. यातलं काहीही खिडकीतून दिसत नाही. म्हातारपणी कामं कमी होतात असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की कामं तेवढीच राहतात आणि प्रत्येक काम पूर्वीपेक्षा जास्त जागा मागतं.

आमच्या घरात दोघांची दोन पेन्शनं येतात आणि ती दोन वेगळ्या जगातली आहेत. माझी केंद्र सरकारची. तिच्यावर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासूनची महागाईवाढ लागते. माझ्या यजमानांनी साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं. यांची पेन्शन १९९५ सालच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली. हिशेब सोपा आहे: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पण हे २००८ साली निवृत्त झाले तेव्हा त्या हिशेबात पगार सर्वसाधारणपणे ६,५०० रुपयांच्या वर धरत नव्हते, आणि वर्षं मुख्यतः १९९५ नंतरची. पहिल्या महिन्यात जी रक्कम आली तीच आजही येते, दोन हजारांच्या आतली. या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये ठरवली गेली आणि अजून ती तिथेच आहे. ऊस गाळणाऱ्या यंत्रांखाली हात काळे करून उभी राहिलेली माणसं एवढ्यावर म्हातारपण काढतात, हे मला पटत नाही. माझी पेन्शन आहे म्हणून आमचं घर नीट चालतं. ज्या घरात फक्त यांच्यासारखी पेन्शन येते तिथे काटकसर हे नाव मला अपुरं वाटतं.

आमची काटकसर सुखाची आहे, हे मी म्हणूनच आधी सांगून टाकते. ती यांच्या हातात आहे. हे घरात एकही वस्तू तिचं दुखणं समजून घेतल्याशिवाय टाकू देत नाहीत. पंखा हळू फिरायला लागला की लोक नवा पंखा बघायला जातात. हे आधी कंडेन्सर बदलतात. मोटर शाबूत असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यानं पंखा पूर्ववत होतो आणि कंडेन्सर नव्या पंख्याच्या मानानं अगदीच स्वस्त असतो. मिक्सर फिरताना ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तेव्हा खालचा कपलर गेलेला असतो. नळ ठिबकतो तेव्हा वायसर बदलायचा असतो, आणि लोक वायसर न बदलता नळ जोर लावून आवळतात, त्यानं आतली बैठकच खराब होते. हे सगळं मी लग्नानंतर इतक्या वर्षांनी शिकले, कारण नोकरीत असताना बघायला सवड नव्हती. आता हे खुर्चीवर बसून काम करतात आणि मी टॉर्च धरते. यांचा हात थोडा कापतो, म्हणून बारीक स्क्रू मी फिरवते. हे सांगतात, "अगं, हलक्या हातानं. आटा बसला की मग फिरव."

दिव्यांचा हिशेब माझ्याकडे. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला ९ युनिट जातात. तेवढाच वेळ ९ वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटही होत नाही. छताचा जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. बारा तास चालला तर महिन्याचे २७ युनिट. नव्या पद्धतीचा २८ वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात १० युनिटच्या आसपास घेतो. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो, म्हणून ही बेरीज-वजाबाकी कामाची. झोपायच्या खोलीतला पंखा आम्ही नवा घेतला, कारण तो सगळ्यात जास्त फिरतो. बाहेरच्या खोलीतला जुनाच ठेवला. पाहुणे आले तरच तो लागतो. माझ्या मते काटकसरीत सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं की कुठली वस्तू रोज पैसे खाते आणि कुठली नुसती पडून असते.

आता कुकरची गोष्ट. आमचा कुकर तीन डब्यांचा, जुना, जाड बुडाचा. त्याची रिंग उष्णतेनं कडक होत जाते आणि मग झाकणाच्या कडेनं वाफ सुटते. ती गार पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवली की काही दिवस बरी बसते, हे सगळ्या बायकांना माहीत असतं. तेवढ्यावर निभावून नेण्याची मर्यादा कुठे, हे मात्र त्या दिवशी कळलं. वाफ कडेनं जात राहिली, आत पुरेसा दाब धरेना, शिट्टी होईना आणि तळातलं पाणी आटून गेलं. मोठा आवाज झाला. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाट मोकळी झाली होती आणि तुरीचं वरण छतापर्यंत गेलं होतं. आम्ही दोघंही शेजारच्या खोलीत होतो, कुणाला काही लागलं नाही. यांनी आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि कुकर गार होईपर्यंत मला हात लावू दिला नाही. मग व्हॉल्व्ह हातात घेऊन म्हणाले, "यानं आपलं काम चोख केलं." त्या छोट्याशा तुकड्यात मुद्दामच असा धातू भरलेला असतो की ठरावीक उष्णतेला तो वितळावा आणि भांडं फुटू नये. नवा व्हॉल्व्ह आणि नवी रिंग आणली, दोन्ही त्याच कंपनीची. तेव्हापासून रिंग आतून चिरलेली किंवा कडक दिसली की ती बदलायची, वर्ष झालं की नाही ते बघत बसायचं नाही, असं ठरलं. छतावरचा डाग मात्र दिवाळीला रंग लावेपर्यंत तसाच होता.

त्यानंतर आम्ही एक यादी केली: जिथे पैसा वाचवायचा नाही अशा गोष्टींची. औषधं, चप्पल, न्हाणीघरातला दिवा आणि गॅसची नळी. चपलेचा तळ गुळगुळीत झाला की ती गेली. अंगठा शिवून, पट्टा शिवून वर्षानुवर्षं चप्पल वापरायची सवय आमच्या पिढीला आहे आणि सांगलीतल्या गणपती पेठेच्या बाजूला बसणारे कारागीर ते सुरेख करून देतात, पण झिजलेल्या तळाला शिवण उपयोगी नाही. ओल्या फरशीवर घसरून मांडीचं हाड मोडलं की किती खर्च येतो आणि माणूस किती महिने जायबंदी होतं, हे आमच्या गल्लीत पाहिलंय. न्हाणीघरात रात्रभर छोटा दिवा जळतो. त्याचे युनिट मी मोजत नाही. औषधांत वाचवायचं ते जागा बदलून. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलं की जनऔषधी केंद्रात तेच औषध पुष्कळ कमी पैशांत मिळतं. माझी रक्तदाबाची गोळी आणि यांची साखरेची, दोन्ही तिथूनच येतात. गोळ्यांची पट्टी कापताना मात्र मुदतीची तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत ठेवायची. ती कापून टाकली की उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कळत नाही.

बाहेरच्या कामांत सगळ्यात मोठं ते हयातीच्या दाखल्याचं. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कळवावं लागतं. माझं नोव्हेंबरात. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. यांच्या योजनेत वर्षभरात कधीही दिला तरी चालतो आणि दिलेल्या दिवसापासून वर्षभर धरला जातो. ही सोय चांगली आहे आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते, म्हणून तेही बिचारे नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहतात. दाखला संगणकावर देण्याची 'जीवन प्रमाण' पद्धत नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा मी नोकरीत होते आणि लोकांचा त्रास संपला असं आम्हाला वाटलं होतं.

यांच्या बोटांचा विचार त्यात कुणी केला नव्हता. कानस, ग्रीस, घासलेट आणि लोखंड यांत ज्यांची हयात गेली त्यांच्या बोटांवरच्या रेषा उरतात कुठे? एका कार्यालयात आम्ही गेलो. मशीनवर उजवा अंगठा ठेवला, नाही जुळला. डावा, नाही. मग तर्जनी, मग मधलं बोट. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता, पण मागे रांग होती. "काका, हात धुऊन या." हात धुतले. "काका, पुसून कोरडे करा." केले. पुन्हा नाहीच. "उद्या या, उद्या सर्व्हर बरा असतो." सर्व्हरचा दोष नव्हता. हे बाहेर येऊन पायरीवर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. या हातांनी कारखान्याच्या गाळप हंगामात मध्यरात्री पंप खोलून पहाटेच्या आत परत चालू केले होते. त्या हातांना मशीन ओळखत नव्हतं. यांनी तक्रार केली नाही. मला मात्र फार लागलं ते.

त्यावर उपाय आमच्याच खात्यातून मिळाला. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हा दाखला करून देतो. तेव्हा सत्तर रुपये घ्यायचे. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही आली. पोस्टमननं मोबाइल समोर धरला आणि सांगितलं, "काका, डोळे मिचकवा." हे पासपोर्टच्या फोटोला बसावं तसे डोळे ताठ उघडे ठेवून बसले होते. मी म्हटलं, "अहो, मिचकवा, जिवंत माणूस डोळे मिटतं हेच त्याला बघायचंय." मिचकवले. दाखला तयार झाला, प्रमाण क्रमांक मोबाइलवर आला. मी तो वहीत लिहून ठेवला. पोस्टमनला चहा दिला. घरोघर असा जाणारा माणूस अजून खात्याकडे आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एरवी एका फेरीत एकच मोठं काम आणि वाटेतलं एक छोटं, असा आमचा नियम आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी जमा होतं, तर त्याच दिवशी जायचं नाही, आठवड्यानं जायचं. पैसे कुठे जात नाहीत, गर्दी जाते. येताना दळण. तासगावकडच्या आमच्या गावी जायचं असेल तर एसटी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. ते हे घडी घालून खिशात ठेवतात, तपासनीस चढला तर दाखवायला हवं. या सवलतीनं आमचं गावी जाणं वाढलं आहे. यांची थोरली बहीण तिथे एकटी राहते, तिला महिन्यातून एकदा कुणीतरी भेटतं, ही सवलतीची खरी किंमत.

छोटे अपघात चालूच असतात. एकदा झेरॉक्सच्या दुकानात पासबुक मशीनच्या झाकणाखाली राहिलं. पासबुकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं घरचा फोन नंबर लिहायची माझी नोकरीपासूनची सवय. दुकानदाराचा तासाभरात फोन आला, "मावशी, तुमचं पुस्तक आहे, सावकाश या." पिन मात्र कुठेही लिहायचा नाही, पासबुकावर नाही, कार्डाच्या पाकिटावर तर मुळीच नाही. 'मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री वीज तोडणार' असे फोन आम्हालाही येतात. आवाज मोठा अदबीचा असतो. मी फोन ठेवते आणि महावितरणच्या जवळच्या केंद्रात जाऊन विचारते. काउंटरवर इतकी वर्षं बसल्यावर एक पक्कं कळलं आहे: खरं कार्यालय माणसाला घाई करत नाही, उलट थांबवतं.

कागदांचं महत्त्व मात्र सांगलीकरांना पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या खालच्या खोल्यांत पाणी शिरलं. भांडी, गाद्या, धान्य गेलं. माझी पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, आत जाड प्लॅस्टिकमध्ये पासबुकं, पेन्शनचा आदेश (पीपीओ), घराचे कागद, यांच्या कारखान्याचे दाखले. ते वाचले. शेजारच्यांची पासबुकं भिजली होती, त्यांच्यासोबत बसून मी एकेक पान वर्तमानपत्रात ठेवून पंख्याखाली वाळवलं. शाई पसरली होती, पण खाते क्रमांक वाचता येत होता, आणि तो वाचता आला की पुढची वाट सोपी होते. पुढचे काही दिवस गल्लीतल्या मंडळींचे दुय्यम पासबुकाचे अर्ज मी आमच्या ओट्यावर बसून भरून दिले. निवृत्तीनंतर इतकं मन लावून केलेलं दुसरं काम मला आठवत नाही.

तेव्हा आणखी एक दिसलं. कितीतरी खात्यांवर वारसाचं नावच नव्हतं. काही ठिकाणी होतं ते वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं. नोकरीत असताना अशा खात्यांमागे फिरणाऱ्या विधवा मी पाहिल्या आहेत. नवऱ्याचे पैसे, पण हातात यायला महिने लागतात. पोस्टात वारस नेमलेला नसेल तर पाच लाखांपर्यंतच्या रकमेचा दावाही साधारणपणे मृत्यूनंतर सहा महिने उलटल्यावरच वारसा प्रमाणपत्राशिवाय मार्गी लागतो. त्याच्या वरच्या रकमेला न्यायालयाचे कागद लागतात. हे सगळं एका छोट्या फॉर्मनं टळतं. आता पोस्टात आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकांतही एका खात्यावर चार जणांपर्यंत नावं देता येतात.

म्हणून हे वाचणाऱ्या तरुण मंडळींना माझं सांगणं आहे. आईवडिलांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एक सकाळ हातात ठेवून जा. त्यांच्याजवळ बसून त्यांची सगळी पासबुकं काढायला सांगा, प्रत्येकावर वारसाचं नाव आहे का आणि ते माणूस हयात आहे का ते पाहा, नसेल तर त्यांना सोबत घेऊन जा आणि फॉर्म भरून या. वाटेत कुकरची रिंग आणि न्हाणीघराचा दिवाही घेऊन या.